गंभीर आजाराचा विमा आपल्या गरजेप्रमाणे वळवता येतो का? हप्ता, रक्कम आणि दाव्याच्या अटींबाबत प्रश्न

रावेरचा बागायतदार

सर्वांना नमस्कार. माझे वय ४१ असून रावेर तालुक्यात माझी केळीची बागायत आहे. घरात पत्नी, शिकणारी दोन मुले आणि आई आहेत. माझी टर्म पॉलिसी (फक्त मृत्यू झाल्यास रक्कम देणारा विमा) आहे, कुटुंबाचा मेडिक्लेमही आहे, आणि आता गंभीर आजाराचा विमा घ्यावा असा विचार चालू आहे. त्याचे कारण असे की आमच्या गावातील माझ्याच वयाच्या एका शेतकऱ्याला तोंडाचा कर्करोग झाला. रुग्णालयाचे बिल बरेचसे शासकीय योजनेतून भागले. परंतु उपचारासाठी वारंवार मुंबईला जाणे-येणे, तेथे नातेवाइकांसह राहणे आणि ऐन निसवणीला (घड बाहेर पडण्याच्या वेळेला) आलेली बाग सालदाराच्या भरवशावर सोडून देणे, यांचा भार कोणत्याही योजनेत बसला नाही. पुढच्या हंगामात त्या घराने लागवडच केली नाही.

मी दोन विमा प्रतिनिधींशी बोललो. दोघेही आपापली पॉलिसी लवचिक असल्याचे सांगतात, पण नेमके काय बदलता येते असे विचारले की उत्तर हप्त्याच्या पलीकडे जात नाही. म्हणून येथे विचारतो. आमच्याकडे पैसा दरमहा येत नाही, घड कापणीला आले आणि भाव मिळाला की एकदम येतो. त्याप्रमाणे हप्ता भरण्याची सोय खरोखर आहे का? मुले शिकत आहेत तोवर विमा रक्कम मोठी आणि पुढे ती कमी, असे करता येते का? आजार सुरुवातीच्या अवस्थेत सापडला तर काही रक्कम मिळते का, की आजार वाढेपर्यंत काहीच नाही? आणि मिळणारी रक्कम एकदम घ्यावी की दरमहा? ज्यांनी प्रत्यक्ष दावे पाहिले आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त विमा अधिकारी, जळगाव

भाऊ, प्रश्न नेमके आहेत, म्हणून उत्तरही थोडे लांबवतो.

आधी या विम्याचा हेतू लक्षात घ्यावा, कारण लवचिकता कोठे हवी हे त्यावरूनच ठरते. हा प्रकार १९८३ साली दक्षिण आफ्रिकेत सुरू झाला आणि त्यामागे डॉ. मारियस बर्नार्ड हे हृदयशल्यचिकित्सक होते. १९६७ मध्ये केपटाऊन येथे जगातील पहिले मानवी हृदय-प्रत्यारोपण करणाऱ्या डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांचे ते बंधू. शस्त्रक्रियेने रुग्ण वाचतो, परंतु काम थांबल्यामुळे त्याचे घर मात्र मोडते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. म्हणून माणूस जिवंत असतानाच, आजाराचे निदान झाल्याबरोबर पैसे देणारा विमा त्यांना हवा होता. सुरुवातीला त्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, कर्करोग आणि बायपास शस्त्रक्रिया एवढ्या चारच गोष्टी होत्या. तुमच्या गावातील त्या शेतकऱ्याची अडचण अगदी याच जातीची आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात, पण तो पैसा रुग्णालयाला जातो. मेडिक्लेमचेही तेच. बाग कोणी सांभाळायची, याचे उत्तर फक्त हातात मिळणारी एकरकमी रक्कमच देऊ शकते.

आपल्या भागात हे समजावणे सोपे आहे, कारण हवामानावर आधारित फळपीक विमा केळी उत्पादकांनी अनुभवला आहे. तेथे बागेचे नुकसान किती झाले यापेक्षा तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे ठरलेले दिवस गेले का, हे पाहिले जाते. गंभीर आजाराच्या विम्यातही तुम्हाला किती त्रास झाला हे पाहिले जात नाही. पॉलिसीत लिहिलेली व्याख्या पूर्ण झाली का, एवढेच पाहिले जाते. व्याख्या पूर्ण झाली तर बिल एक रुपयाचेही नसताना पूर्ण रक्कम मिळते आणि व्याख्या थोडक्यात हुकली तर लाखोंचे बिल असूनही काही मिळत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की ग्राहकाने लवचिकता मागायची असेल तर ती हप्त्यात नंतर मागावी आणि व्याख्येत आधी. हप्त्याची सोय देणे कंपनीला स्वस्त पडते, म्हणून जाहिरात तिचीच होते.

आता हप्त्याविषयी. वार्षिक, सहामाही, तिमाही आणि मासिक असे पर्याय बहुतेक ठिकाणी मिळतात. पीक येईल तेव्हा भरीन अशी मोकळीक मात्र मिळत नाही, तारीख ठरलेली असते. त्यामुळे ज्या महिन्यात कापणीचा पैसा हाती असतो त्याच महिन्यात पॉलिसी सुरू करावी. पावसाळ्याच्या सुरुवातीची मृगबाग आणि हिवाळ्याच्या तोंडावरची कांदेबाग अशा दोन्ही लागवडी असतील तर सहामाही हप्ता सोयीचा पडेल. मासिक हप्त्याला साधारणपणे १५ दिवसांची आणि इतर हप्त्यांना ३० दिवसांची सवलतीची मुदत असते, परंतु त्या मुदतीवर हिशेब बांधू नये, कारण पॉलिसी एकदा बंद पडली तर प्रतीक्षा कालावधी (म्हणजे सुरुवातीचे, दावा करता न येणारे दिवस) नव्याने सुरू होण्याची भीती असते. आणखी एक दिलासा म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या प्रीमियमवरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे.

रक्कम बदलण्याचा मुद्दा अधिक नाजूक आहे. टर्म पॉलिसीला जोडून रायडर, म्हणजे जादा संरक्षण, घेतला तर त्याचा प्रीमियम मूळ पॉलिसीच्या प्रीमियमपेक्षा जास्त असू शकत नाही आणि रायडरची रक्कमही मूळ विमा रकमेच्या आतच राहते. त्यामुळे टर्म लहान असेल तर रायडरही लहानच मिळेल. शिवाय रायडर दोन प्रकारचे असतात. एकात आजारपणी दिलेली रक्कम मृत्यूनंतरच्या रकमेतून वजा होते, दुसऱ्यात ती वेगळी मिळते. पहिला स्वस्त असतो आणि प्रतिनिधी बहुधा तोच दाखवतात, म्हणून हे विचारून घ्यावे. याउलट सर्वसाधारण विमा किंवा आरोग्य विमा कंपनीची स्वतंत्र पॉलिसी घेतली तर नूतनीकरणाच्या वेळी रक्कम कमी करणे सोपे असते; वाढवायची असेल तर नवी वैद्यकीय तपासणी होऊ शकते आणि वाढीव रकमेला नवा प्रतीक्षा कालावधी लागतो. लोकांना यात कंपनीचा कोतेपणा दिसतो, पण त्यामागे कारण आहे. छातीत दुखू लागल्यावर किंवा गाठ हाताला लागल्यावर रक्कम वाढवण्याची मुभा प्रत्येकाला दिली, तर त्याचा भार निरोगी ग्राहकांच्या प्रीमियमवर येईल. मात्र लग्न, अपत्यजन्म किंवा गृहकर्ज अशा आरोग्याशी संबंध नसलेल्या प्रसंगी, तपासणीविना मर्यादित वाढ द्यायला हरकत नसावी. काही टर्म पॉलिसींमध्ये मृत्यूच्या विमा रकमेसाठी अशी सोय आहे, ती गंभीर आजाराच्या विम्यातही यायला हवी, असे मला मनापासून वाटते. तोपर्यंत रक्कम ठरवताना महागाई विसरू नये. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर आजच्या १० लाखांची खरी किंमत २० वर्षांनी सुमारे ३ लाखांवर येते.

टप्प्याटप्प्याने रक्कम देणे आपल्याकडे अगदीच अपरिचित आहे असे नाही. आयुर्विमा महामंडळाने २०१७ साली आणलेल्या कॅन्सर कव्हर योजनेत सुरुवातीच्या अवस्थेतील कर्करोगाला विमा रकमेच्या २५ टक्के आणि काही काळ प्रीमियम माफी होती. गंभीर अवस्थेत उरलेली रक्कम एकदम आणि शिवाय १० वर्षे दरमहा विमा रकमेच्या १ टक्का अशी रचना होती. पहिली पाच वर्षे विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी वाढत जाईल असा पर्यायही तीत होता. म्हणजे तुम्ही विचारता त्यातील बऱ्याच गोष्टी एका योजनेत बसवता येतात, हे सिद्ध झालेले आहे. ती केवळ एका आजारापुरती होती, ही तिची मर्यादा. आता काही खासगी कंपन्याही अनेक आजारांसाठी सौम्य आणि तीव्र असे टप्पे देतात, पण प्रत्येकाची टक्केवारी आणि अटी निराळ्या आहेत.

दावा कक्ष, धुळे

मी एका खासगी रुग्णालयात विम्याची कागदपत्रे पाहण्याचे काम करते. वरील उत्तरात व्याख्येचा जो मुद्दा आला आहे तो किती खरा आहे हे आम्हाला रोज दिसते, म्हणून त्यातील तपशील लिहिते.

विमा नियामकाने प्रमुख गंभीर आजारांच्या व्याख्या सर्व कंपन्यांसाठी एकसारख्या केल्या आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पूर्वीसारखी प्रत्येक कंपनीची वेगळी भाषा राहिलेली नाही. परंतु त्या व्याख्यांत आजाराची तीव्रता ठरवलेली आहे. कर्करोगाच्या व्याख्येतून जागच्या जागी मर्यादित असलेला, ऊतींत न शिरलेला कर्करोग वगळलेला आहे. गर्भाशयमुखाच्या पेशींतील कर्करोगपूर्व बदल वगळलेले आहेत, ग्लीसन स्कोअर (पेशी किती आक्रमक दिसतात याचा अंक) ६ किंवा त्याहून कमी असलेला प्रोस्टेटचा कर्करोग बहुतांशी वगळलेला आहे आणि थायरॉइडचा अगदी लहान, न पसरलेला कर्करोगही वगळलेला आहे. एकीकडे आम्ही बायकांना सांगतो की तिशीनंतर तपासणी करा, लवकर सापडले तर जीव वाचतो. आणि ज्या बाईने ते ऐकून वेळेवर तपासणी केली, शस्त्रक्रिया करून घेतली, तिला मूळ प्रकारच्या पॉलिसीतून काहीच मिळत नाही. तिचाही महिना-दोन महिन्यांचा रोजगार बुडतोच, घरी स्वयंपाकाला आणि लेकरांना सांभाळायला माणूस ठेवावाच लागतो. मला हे फार चुकीचे वाटते. म्हणून रावेरच्या भाऊंना माझे सांगणे आहे की १० लाखांची तीव्र अवस्थेपुरती पॉलिसी आणि त्याच प्रीमियममध्ये बसणारी ७ लाखांची टप्प्यांची पॉलिसी यांतून निवडायचे असेल, तर पत्नीसाठी निःशंकपणे दुसरी घ्यावी. सुरुवातीच्या टप्प्याचे २५ टक्के दिल्यानंतर पॉलिसी चालू राहते का आणि उरलेले ७५ टक्के पुढे मिळतात का, हे मात्र लेखी पाहून घ्यावे.

हृदयाच्या बाबतीत सर्वांत जास्त गैरसमज आहेत. बायपासची जी व्याख्या आहे ती छाती उघडून किंवा लहान छेदातून केलेल्या बायपास शस्त्रक्रियेची आहे आणि अँजिओप्लास्टी (रक्तवाहिनीतून नळी घालून फुग्याने किंवा स्टेंटने अडथळा उघडणे) तीत बसत नाही. अँजिओप्लास्टीची व्याख्या वेगळी आहे. अनेक पॉलिसींत ती घेतलेलीच नसते, किंवा घेतली असली तर रकमेच्या काही भागापुरती असते. त्यामुळे स्टेंट टाकलेल्या रुग्णाचे नातेवाईक अँजिओप्लास्टी म्हणून दावा करतात आणि तो नाकारला गेला की निराश होऊन सोडून देतात. वास्तविक त्यातील काहींना त्याआधी हृदयविकाराचा झटका आलेला असतो, आणि छातीतील वेदना, ईसीजीमधील नवे बदल आणि रक्तातील ट्रोपोनिनसारख्या तपासणीतील वाढ ही तिन्ही सिद्ध झाली तर झटक्याच्या व्याख्येखाली पूर्ण रक्कम मिळू शकते. येथे आपल्या भागाची खास अडचण येते. शिरपूर, साक्री किंवा दोंडाईचाकडून रुग्ण येतो तेव्हा पहिला ईसीजी तिकडच्या डॉक्टरांनी काढलेला असतो, आणि घाईत तो कागद तिकडेच राहतो. आमच्याकडे पोहोचेपर्यंत औषधांमुळे आलेख बदललेला असू शकतो. तो पहिला कागद आणि रक्ततपासणीचा पहिला अहवाल यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, एवढे जरी सर्वांनी लक्षात ठेवले तरी कित्येक दावे वाचतील.

पक्षाघाताची अट आणखी कठीण आहे. मज्जासंस्थेतील दोष किमान ३ महिने टिकल्याचा पुरावा लागतो आणि काही तासांत बरा होणारा झटका धरला जात नाही. कायमस्वरूपी दोष आहे की नाही हे ठरवायला वेळ लागतो हे मान्य आहे, परंतु घरातील कमावता माणूस अंथरुणाला खिळलेला असताना पहिले तीन महिनेच सर्वांत ओढाताणीचे असतात. स्कॅनमध्ये मेंदूतील रक्तस्राव किंवा गुठळी स्पष्ट दिसत असेल तर रकमेचा छोटा भाग, समजा दहावा हिस्सा, लगेच द्यावा आणि बाकीचा तीन महिन्यांनी, अशी सोय कंपन्यांनी का करू नये? ग्राहकाला याचा जेवढा उपयोग होईल तेवढा हप्ता महिन्याचा की वर्षाचा याने होणार नाही.

प्रतीक्षा कालावधी बहुधा ९० दिवसांचा असतो. त्याशिवाय निदानानंतर ठरावीक दिवस रुग्ण जिवंत राहावा लागतो. बऱ्याच पॉलिसींत हे ३० दिवस आहेत, काहींत १४-१५, तर काहींत ही अटच नाही. तीव्र झटका आलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा फरक मोठा ठरतो, तरी खरेदी करताना त्याबद्दल विचारणारे फार थोडे भेटतात.

भुसावळ वर्कशॉप

एकरकमी की मासिक, एवढ्यावरच लिहितो. आम्हा नोकरदारांना उपचाराची सोय नोकरीतून मिळते, पण रजा संपल्या की पगार अर्धा होतो किंवा थांबतो. माझ्या परिचयातील एका कुटुंबाला आजारपणात मोठी रक्कम एकदम मिळाली, आणि तिच्यातून आधी जुनी उसनवारी फिटली, मग एका नातेवाइकाच्या लग्नाला हातभार लागला. रुग्ण वर्षभर घरी बसला तेव्हा हाती फारसे उरले नव्हते. त्यात त्यांचा दोष नव्हता, मागणाऱ्याला नाही म्हणणे गावाकडे सोपे नसते. म्हणून पगारदारासाठी मला दरमहा मिळणारी रक्कम अधिक सुरक्षित वाटते. शेतकऱ्याचे गणित निराळे असेल हे मान्य आहे, कारण रोपे, ठिबक आणि खते यांना एकदम पैसा लागतो. काही कंपन्या थोडी रक्कम एकदम आणि उरलेली दरमहा असा पर्याय देतात. मात्र तो पॉलिसी घेतानाच निवडावा लागतो असे मला सांगण्यात आले. खरे तर निवड दाव्याच्या वेळी करता आली पाहिजे, कारण वीस वर्षांनंतर आपले घर कोणत्या परिस्थितीत असेल हे आज कोण सांगणार?

रावेरचा बागायतदार

सर्वांचे मनापासून आभार. ताईंनी लिहिलेला पहिल्या ईसीजीचा मुद्दा मी आमच्या गटातील सर्वांना सांगणार आहे. माझ्यासाठी एकरकमी आणि पत्नीसाठी टप्प्यांची पॉलिसी, असे जवळपास ठरले आहे, आणि हप्ता सहामाही ठेवणार आहे. एक शंका उरली आहे. पत्नीला मधुमेहाच्या गोळ्या सुरू आहेत. प्रतिनिधी म्हणतात की अर्जात ते लिहिले तर प्रीमियम वाढेल किंवा अर्ज फेटाळला जाईल, आणि पाच वर्षांनी कोणी काही विचारत नाही. हे कितपत बरोबर आहे?

निवृत्त विमा अधिकारी, जळगाव

हे अजिबात ऐकू नका. पाच वर्षांची गोष्ट अर्धवट सांगितली जात आहे. २०२४ च्या नियमांनुसार आरोग्य विमा पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की माहिती दडवल्याचे कारण देऊन कंपनीला दावा नाकारता येत नाही, परंतु फसवणूक सिद्ध झाली तर हे संरक्षण मिळत नाही. आणि गोळ्या सुरू असताना प्रतिनिधीच्या सांगण्यावरून तसे न लिहिणे कंपनी कोणत्या सदरात टाकेल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. शिवाय आजार पहिल्या पाच वर्षांतच आला तर काय? मधुमेहाचा हृदय, मूत्रपिंड आणि पक्षाघात या तिन्हींशी थेट संबंध आहे, त्यामुळे तुमच्या पत्नीचा दावा तपासला जाईल तेव्हा जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या सर्वांत आधी मागितल्या जातील. याउलट आजार जाहीर केला तर पूर्वीच्या आजारासाठी प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त ३६ महिन्यांचाच ठेवता येतो. पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती.

प्रीमियम थोडा वाढेल, तो द्यावा. एका कंपनीने नाकारले तर दुसरीकडे अर्ज करावा, कारण मधुमेहाकडे पाहण्याची प्रत्येक कंपनीची रीत वेगळी असते, आणि आधीच्या नकाराबद्दल अर्जात विचारले असेल तर तेही खरे लिहावे. अर्ज प्रतिनिधीने भरला असला तरी सही करण्यापूर्वी पत्नीने स्वतः प्रत्येक रकाना वाचावा आणि भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्यावी. पॉलिसीसोबत ग्राहक माहितीपत्रक येते, ते मागितल्यास मराठीतही द्यावे लागते. त्यात टप्प्यांची टक्केवारी, अँजिओप्लास्टीची मर्यादा आणि निदानानंतर जिवंत राहण्याच्या दिवसांची अट या तीन गोष्टी आधी शोधाव्यात. तोंडी सांगितल्यापेक्षा काही वेगळे निघाले तर पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. पुढे कधी दावा नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. आपल्या भागासाठी ते कार्यालय पुण्यात आहे, तेथे ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी चालतात, शुल्क लागत नाही आणि वकीलही करावा लागत नाही.